खरबूज, थर्ड फ्लोअर

अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहणाऱ्या माणसानं बाल्कनीत काय लावावं? फार तर मनीप्लांट. अगदीच हौस असली तर पुदिना. मी खरबूज लावलं.

‘खरबूज? बाल्कनीत?’ आईनं फोनवर तीनदा विचारलं. तिच्या माहेरी नदीकाठच्या वाळूत खरबुजाच्या वाड्या असायच्या. वेल असे ऐसपैस पसरलेले, की पाय ठेवायला जागा नाही. आणि माझी बाल्कनी चार फूट बाय सात. पण बॉस, खाली जागा नसली म्हणून काय झालं? वर आहे की! दोडक्या-कारल्याला आपण मांडव घालतोच. खरबूज तर काकडीचं सख्खं भावंड. त्यालाही स्प्रिंगसारखे तणावे असतात. धरायला काही मिळालं, की तेही चढतं.

रंगाची रिकामी वीस लिटरची बादली, तळाला भोकं, आत माती, शेणखत आणि कोकोपीट. ग्रिलला मोठ्या चौकोनांची नायलॉनची जाळी. बी घेताना दुकानदाराला एकच सांगितलं, लहान फळाची जात द्या. जाळीवर दोन-दोन किलोचा ऐवज लटकवायचा नसतो.

फेब्रुवारीच्या मध्यावर बी लावलं. दर दोन दिवसांनी वेल जाळीत ओवायचा, जुन्या ओढणीच्या पट्टीनं सैल बांधायचा. डेडलाइन टाळायला याहून चांगलं काम नाही. उभ्या वेलाचा फायदाही असतो. पानांत हवा खेळती राहते, त्यामुळे भुरीचा त्रास कमी. फळ ओल्या मातीला टेकून सडत नाही.

मार्चअखेर पिवळी फुलं आली आणि पटापट गळून गेली. मी रडकुंडीला. मग कळलं, पहिली फुलं नर असतात, ती गळणारच. फळ धरणारं फूल ओळखणं सोपं आहे. पाकळ्यांच्या मागे इवलंसं खरबूज आधीच असतं. ही फुलं बहुतेक बाजूच्या फांद्यांवर येतात, म्हणून मुख्य शेंडा जाळीच्या टोकाला पोचला की खुडायचा. माझ्या तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या काही फिरकेनात. मग रोज सकाळी हातात पेंटिंगचा ब्रश घेऊन परागकण इकडून तिकडे! समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांना काय वाटलं असेल, ते असो. ५ एप्रिलला दोन फळं धरली.

१० एप्रिलला घरमालकांचा फोन. ॲग्रीमेंट रिन्यू होणार नाही, मुलगा राहायला येतोय. १५ मेला चावी द्या.

फळ धरल्यापासून खरबूज पिकायला साधारण पस्तीस ते पंचेचाळीस दिवस. म्हणजे माझं आणि त्याचं ॲग्रीमेंट एकाच सुमारास संपत होतं.

मग ब्रोकर, डिपॉझिट, ‘फ्रीलान्स म्हणजे नक्की काय करता?’ अठ्ठाविसाव्या वर्षी हे माझं पाचवं घर. दिवसभर फ्लॅट बघून आले, की आधी खरबुजं बघायचे. ती टेनिसच्या चेंडूएवढी झाल्यावर प्रत्येकाला ओढणीची झोळी केली. झोळी जाळीला बांधायची, वेलाला नाही. कारण खरबूज पिकलं की देठापासून आपणहून सुटतं. झोळी नसेल, तर थेट पार्किंगमधल्या कोणाच्या तरी गाडीवर.

‘तोडून ने, तांदळाच्या डब्यात पिकेल,’ आई म्हणाली. पण खरबूज म्हणजे आंबा नव्हे. तोडल्यावर ते मऊ पडतं, गोड होत नाही. साखर भरते ती वेलावरच. आणि वेल काढून न्यावा, तर तो जाळीत शंभर ठिकाणी गुंतलेला. थांबणं एवढंच हातात होतं. शेवटच्या आठवड्यात पाणी कमी केलं आणि पुस्तकं खोक्यांत भरली.

१३ मेला देठाभोवती बारीक चीर दिसली. १४ला सकाळी अंगठ्यानं जरासं ढकललं आणि खरबूज अलगद झोळीत बसलं. बाल्कनीभर वास. खोक्यांच्या मधे फरशीवर बसून अर्धं खाल्लं, अर्धं शेजारच्या काकूंना दिलं.

दुसरं अजून टणक होतं. मालकांना विचारलं, आठ दिवस वेल राहू देता का? ते म्हणाले, ‘परवा पेंटर येतोय.’ कापावा लागला. नव्या घरात पहिल्या जेवणाला त्याची कोशिंबीर केली, दाण्याचं कूट आणि लिंबू घालून. कच्चं खरबूज काकडीसारखं लागतं. कोशिंबीर वाईट नव्हती. पण ते खरबूज नव्हतं.

नवं ॲग्रीमेंटही अकरा महिन्यांचंच. म्हणजे एप्रिलच्या मध्यावर संपणार. हिशेब मांडलाय. या वेळी बी डिसेंबरअखेर, किचनच्या उबेत कपात रुजवायचं. जाळी घडी करून आणलीच आहे. फ्लॅट दाखवताना ब्रोकर मॉड्युलर किचनचं कौतुक सांगत होता आणि मी बाल्कनीत उभी राहून विचारत होते, ‘इथे ऊन किती तास येतं हो?’

सहा तास तरी हवं. लक्षात ठेवा!