समांतरता : मोजदाद आणि विश्लेषण

पदव्युत्तर वर्गांतून समांतरतेची ओळख होते ती शैलीविज्ञानातील एक संज्ञा म्हणून, बहुधा नियमोल्लंघनाच्या जोडीने. रॉबर्ट लाउथ यांनी हिब्रू काव्यावरील व्याख्यानांत (१७५३) तिचे विवेचन केले आणि रोमन याकबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिला काव्याच्या घडणीत मध्यवर्ती स्थान दिले, एवढे विद्यार्थी जाणतो. पुढे मात्र तो संहितेतील समांतर वाक्यांची मोजदाद करून थांबतो. या मोजदादीला विश्लेषण म्हणता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नवी मुंबईतील अध्यापकाला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ज्या ९५ गावांच्या जमिनींवर १९७० पासून हे शहर आखले गेले, तेथील आगरी घरांतील लग्नविधींत धवलारिणीच्या धवळ्यांना परंपरेने मानाचे स्थान आहे. ‘धवळे’ हे नाव तर मराठी वाङ्मयेतिहासाला तेराव्या शतकातील महदाइसेपासून परिचित आहे. धवळ्यात वाक्याचा साचा पुष्कळदा कायम राहतो; बदलते ते एखादेच पद, कधी देवतेचे, कधी नात्याचे. केवळ आशय पाहणाऱ्यास हा पाल्हाळ वाटेल. परंतु साचा स्थिर असल्यामुळेच बदललेल्या पदावर भार येतो आणि एकेक देव, एकेक आप्त मांडवात मानाने बोलावला जातो. शिवाय लिखित संहितेचा आधार नसताना दीर्घ गीत स्मरणात राहते, तेही या साच्यामुळेच.

म्हणूनच संकलन करताना ‘पुढे याचप्रमाणे’ असे लिहून आवर्तने गाळण्याची सवय घातक ठरते. प्रबंधाची पाने वाचतात. पण कोणते नाते कोणत्या क्रमाने आले, हे पुढील अभ्यासकाला कधीच कळत नाही.

सर्वच पुनरुक्तीला समांतरता म्हणता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. सभांतील भाषणांत तोलून मांडलेली वाक्ये अनेकदा विचाराच्या दारिद्र्यावरचे पांघरूण असतात. त्यासाठी कसोटी साधी आहे : एक आवर्तन काढून पाहावे. अर्थाची हानी झाली नाही, तर ती निव्वळ पुनरुक्ती होय.

ही कसोटी लावायची तर आवर्तने संपूर्ण उतरवलेली हवीत. आपल्या वर्गांत बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या आज्या आजही धवळे जाणतात. समांतरतेचा पहिला पाठ त्यांच्यापाशी बसूनच गिरवावा.