लेपाखालचा दोरा

दहावीच्या परीक्षेत मी ‘श्रमप्रतिष्ठा’ या विषयावर निबंध लिहिला होता. गुण चांगले मिळाले. त्या निबंधात महात्मा गांधी होते, गाडगेबाबा होते. माझे बाबा मात्र नव्हते. कॉलेजात आल्यावर पहिल्याच आठवड्यात एकाने विचारले, “वडील काय करतात?” मी म्हणालो, “मासेमारी.” उत्तर खरे होते, पण अर्धे. संध्याकाळी पडवीत बसून बाबा हौशी लोकांच्या गळाच्या काठ्या दुरुस्त करतात, त्यांवर रंगीत दोऱ्याची नक्षी गुंडाळतात, हे मी सांगितले नाही. का सांगितले नाही?

रापण, जाळे आणि हातातली गरी आपल्या किनाऱ्याला नवी नाही. रॉड घेऊन खडपावर उभे राहणारे शहरातले हौशी लोक मात्र अलीकडे वाढले. रॉडवर दोर सरकण्यासाठी कड्या बसवलेल्या असतात. खाऱ्या हवेने त्या गंजतात, सुटतात, आणि काठी बाबांकडे येते. कडीचा पाय काठीवर टेकवून त्यावर बारीक दोरा गुंडाळायचा. वेढ्याला वेढा लागून, मध्ये केसभरही फट नको. शेवटी गाठ मारायची नाही. शेवटच्या वेढ्यांखाली दोऱ्याचा एक फास आधीच ठेवलेला असतो; टोक त्यात ओवून फास ओढला की टोक वेढ्यांखाली गडप होते.

मग त्यावर इपॉक्सीचा लेप. घरोघरी ठाऊक असलेल्या अ‍ॅराल्डाइटच्याच जातीचा हा पदार्थ. दोन बाटल्यांतले दोन द्रव सारख्या मापाने घ्यावे लागतात. एक जास्त घातला तर लवकर सुकेल असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो लेप चिकटच राहतो. मिश्रण हळूहळू ढवळायचे, नाहीतर बुडबुडे धरतात. ते वाटीत ठेवले तर आपल्याच उष्णतेने लवकर घट्ट होते, म्हणून पसरट कागदावर ओतायचे. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे. लेप दिल्यावर काठी आडवी ठेवून काही तास संथपणे फिरवत राहायची, नाहीतर लेप एका बाजूला ओघळतो. पावसाळी दमट हवेत त्यावर पांढुरकी, तेलकट साय धरते. नायलॉनचा दोरा लेप पिऊन गडद आणि अर्धपारदर्शक होतो. तेव्हा रंग निवडताना तो आज कसा दिसतो यापेक्षा उद्या कसा दिसेल याचा विचार करावा लागतो.

हे सारे मी शिकलो ते चोरून, बघून बघून. बाबा म्हणत, “तू कॉलेजात जातस. ह्यां तुजां काम न्हय.” त्यांच्या म्हणण्याला कारणही होते. या द्रवाने त्यांच्या मनगटावर पुरळ उठले होते. तेव्हापासून ते हातमोजे घालतात. श्रमाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी हट्टाने एक कडी स्वतः गुंडाळली. बाबांनी लेप दिला आणि काठी मोटरवर चढवली. तासाभरात वीज गेली. मग आम्ही दोघे कंदील लावून आळीपाळीने काठी हाताने फिरवत बसलो. मध्यरात्र उलटली. लेप सुरेख बसला, काचेसारखा. सकाळी बाबांनी काठी उजेडात धरली आणि बोट ठेवले. माझ्या दोन वेढ्यांमध्ये फट होती. लेपाने ती झाकली नव्हती, उलट भिंगासारखी मोठी करून दाखवली होती. बाबांनी चाकू घेतला आणि रात्रभराचा लेप दोऱ्यासकट सोलून काढला. मी म्हणालो, “गिऱ्हाइकाला दिसणार नाही.” ते म्हणाले, “गिरायकाक दिसाची नाय, पण माका दिसतली ना!”

मित्रहो, पदवी मिळाली की शिक्षण झाले असे आपण मानतो. पण पदवी हा लेप आहे. खाली वेढे नीट बसलेले नसतील तर तो चकाकेल, पण फट बुजवणार नाही. आणि ज्या हातांना वेढे बसवता येतात त्यांना आपण अडाणी म्हणतो! गिऱ्हाईकसुद्धा लेपाच्या बाटलीची किंमत मुकाट्याने देते. घासाघीस होते ती मजुरीवर. श्रमप्रतिष्ठा म्हणजे स्तुती नव्हे. श्रमाचे मोल देणे आणि त्यातले ज्ञान ओळखणे.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांची कीर्ती सर्वत्र आहे. तिथल्या जुन्या कामात लाकूड चरकावर फिरत असते, रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. फिरत्या वस्तूवर लेप चढवण्याची ही विद्या आपल्याकडे इपॉक्सीच्या कितीतरी आधीची. सावंतवाडीची गंजिफा लोप पावण्याच्या बेताला आली, तेव्हा 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यात तिचे काम सुरू केले. राजवाड्याला कारागिरापुढे शिष्य होऊन बसण्याची लाज वाटली नाही. मग आपल्याला पडवीत बसायची लाज का वाटावी?

माझी सूचना साधी आहे. मराठी विभागाने एक वही करावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या धंद्यातले शब्द, हत्यारांची नावे, कामाच्या पायऱ्या तीत लिहाव्यात. जाळे विणणाऱ्याचे, होडी बांधणाऱ्याचे, सुताराचे, कुंभाराचे. वर्षातून एकदा अशा एखाद्या कारागिराला वर्गात बोलवावे. हारतुऱ्यांसाठी नव्हे, तर शिकवण्यासाठी, आणि त्याला त्याचे मानधन द्यावे.

त्या वहीचे पहिले पान मी लिहीन. आता बाबाही मला गुंडाळायला देतात. लेप मात्र अजून स्वतःच देतात. आणि यापुढे कुणी विचारले, “वडील काय करतात?” तर मी उत्तर पुरे देणार आहे.

— द्वितीय वर्ष कला