छाती बनवाल, पण पाठीचे काय?



गेल्या उन्हाळ्यात इंदुरीला बहिणीकडे मुक्कामाला होतो. तळेगाव-चाकण रस्त्यावरचे हे इंद्रायणीकाठचे गाव. आजूबाजूला कारखाने पुष्कळ झाले, पण आपल्या मुलांच्या वाट्याला बहुतेक कंत्राटी काम येते. माझा भाचाही असाच एका कारखान्यात पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळात पोलीस भरतीची तयारी करतो. सकाळी केस विंचरण्यासाठी त्याने उजवा हात वर नेला आणि त्याचा चेहरा एकदम वाकडा झाला. विचारले तर म्हणाला, "काही नाही मामा, व्यायामाने खांदा भरलाय. आईला सांगू नका."

मी त्याला अंगणात उभा केला आणि बाजूने पाहिले. छाती भरदार, दंड फुगलेले. पण दोन्ही खांदे पुढे गोल झालेले, मान पुढे आलेली आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. वय अवघे बावीस, आणि उभे राहणे वीस वर्षे खातेवह्यांवर वाकलेल्या माझ्यासारख्या कारकुनाचे!

मग कारकुनी पद्धतीनेच चौकशी केली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'ढकलण्याचे' व्यायाम, उजवीकडे 'ओढण्याचे'. आठवडाभरात तो काय काय करतो ते त्याला लिहायला सांगितले. डावीकडे बेंच प्रेस, दंड, डोक्यावर वजन उचलणे असे चोवीस सेट जमले. उजवीकडे फक्त तीन. बी.कॉम.ला शिकलेला ताळेबंद आठवला. एकच बाजू फुगत गेली की पेढी वरून श्रीमंत दिसते आणि आतून बुडत असते.

पोराचाही दोष नाही. भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सें.मी. लागते आणि फुगवल्यावर ती किमान ५ सें.मी.ने वाढावी लागते. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व ७.२६० किलोचा गोळा फेकणे असते. पहिला अडथळा टेपचा, म्हणून मुले छातीच्या मागे लागतात. गोळा रोज एकाच हाताने फेकतात, म्हणून अंग एका बाजूला ओढले जाते. मी घरातली शिवणकामाची टेप लावली. न फुगवता ८२, फुगवून साडेपंच्याऐंशी. म्हणजे वाढ साडेतीनच. एवढी छाती कमावूनही तो दीड सेंटिमीटरने बाहेर पडणार होता!

हे का होते ते नीट समजून घ्या. प्रत्येक सांध्याला दोन्ही बाजूंनी स्नायू धरून असतात. बैलगाडीच्या जुवाला एक बैल जोरकस आणि दुसरा मरतुकडा जुंपला तर गाडी सरळ चालत नाही. छातीचे स्नायू खांदा पुढे ओढतात. पाठीवरच्या दोन चपट्या हाडांच्या, म्हणजे फऱ्यांच्या, मधले स्नायू तो मागे धरतात. पुढचे आखडले आणि मागचे ढिले पडले की खांदा पुढे झुकतो. अशा स्थितीत हात डोक्यावर नेताना फरा मोकळेपणाने फिरत नाही आणि सांध्याभोवतीच्या स्नायुबंधांवर ताण येतो. शिवाय श्वास घेताना बरगड्या उचलल्या पाहिजेत. पाठ वाकलेली आणि छाती आखडलेली असली तर त्या पुरेशा उचलल्याच जात नाहीत. फुगवलेली छाती म्हणजे नुसते मांस नव्हे, ती बरगड्यांची हालचाल आहे.

चेकोस्लोव्हाकियातील डॉ. व्लादिमीर यांदा (१९२८–२००२) यांनी या विषयाचा जन्मभर अभ्यास केला. त्यांना स्वतःला किशोरवयात पोलिओ झाला होता. शरीर वाकते तेव्हा काही ठरावीक स्नायू आखडतात आणि त्यांच्या समोरचे ठरावीक स्नायू दुबळे होतात, असे त्यांनी मांडले. छाती व मानेचा मागचा भाग आखडतो. मानेच्या पुढचे खोल स्नायू व फऱ्यांमधले स्नायू ढिले पडतात. कागदावर रेघा जोडल्या तर फुली तयार होते. भाच्याच्या अंगावर हीच फुली होती.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खांदे गोल असलेल्या प्रत्येकाला दुखतेच असे नाही, आणि सर्वांना लागू पडेल अशी एकच 'आदर्श' ठेवणही नाही. वजन घाईने वाढवणे, विश्रांती न घेणे, अपुरी झोप ही कारणेही तेवढीच मोठी आहेत. रात्रपाळी करून आलेल्या मुलाने त्याच सकाळी जास्तीत जास्त वजन उचलून पाहणे म्हणजे दुखणे विकत घेणे होय.

आपल्या जुन्या तालमीत दंड होते, तसे मल्लखांब आणि दोरही होते. म्हणजे ढकलणे होते आणि ओढणेही होते. जोडी फिरवताना खांदा सर्व दिशांना फिरे. आपल्याच मावळात, लोणावळ्याला, १९२४ साली कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद हे बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते त्यांनी उपकरणे लावून तपासले. व्यायाम अंदाजाने नव्हे, तपासून करावा, हा धडा त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे.

तेव्हा आधी स्वतःला तपासा. भिंतीपासून चार बोटे पुढे टाचा ठेवून पाठ भिंतीला टेकवा. हनुवटी न उचलता डोके मागे टेकते का? कंबर न वाकवता दोन्ही हात वर नेता येतात का? मोबाईलवर बाजूने फोटो काढून ठेवा. मग एकेका हाताने सारखेच वजन ओढून पाहा. कुठला हात आधी थकतो ते लिहून ठेवा.

भाच्याला मी तळेगावला एका फिजिओथेरपिस्टकडे नेले. त्यांनी सांगितलेला क्रम असा. दुखणारा बेंच प्रेस तीन आठवडे बंद. ढकलण्याच्या एका सेटमागे ओढण्याचे दोन सेट. पुढे जोर सारखा झाला की एकास एक. जिमची फी परवडत नसेल तरी अडत नाही. पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन म्हणजे पाच किलो वजन झाले. कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून, तो कोपर मागे नेत बरगडीपर्यंत ओढायचा. सुरुवात दुबळ्या हाताने करायची आणि त्या हाताला जेवढे जमले तेवढेच बळकट हाताने करायचे, जास्त नाही. भिंतीला पाठ लावून हात वर-खाली सरकवायचे. पालथे पडून भुजंगासन. शेवटी तळवे बरगड्यांवर ठेवून दहा सावकाश श्वास. गोळ्याचा सराव असेल त्या दिवशी डाव्या हातानेही हलक्या वजनाने थोडे फेकायचे. हे सर्व आठवड्यातून तीन दिवस. वजन वाढवायचे ते थोडे थोडे.

भगिनींनो, हे फक्त मुलांसाठी नाही. मुलींच्या भरतीत छातीचे माप नसते, पण ४ किलोचा गोळा असतोच. एकाच कमरेवर हंडा, एकाच खांद्यावर पिशवी, शिलाई मशीनवर दिवसभर वाकणे, यानेही अंग एका बाजूला जाते. बाजू बदला, दर अर्ध्या तासाने उठा.

रात्री झोपमोड करणारे दुखणे, हाताला मुंग्या, पकड सैल होणे किंवा हात उचलताच न येणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरकडे जा. मालीश किंवा वेदनाशामक गोळी खाऊन पुन्हा वजनाला भिडू नका. आणि आई-वडिलांपासून लपवू नका. भाच्याच्या आईला आम्ही त्याच संध्याकाळी सांगितले. ती रागावली, मग पाण्याचा कॅन तिनेच शोधून दिला.

दोन महिन्यांनी पुन्हा इंदुरीला गेलो. तीच टेप, तीच जागा. न फुगवता ८२, फुगवून ८७. छाती इंचभरही वाढली नव्हती. ती फक्त मोकळी झाली होती. केस विंचरताना आता चेहरा वाकडा होत नाही. भरतीचा निकाल मैदानावर लागेल. पण निकाल काहीही लागो, हा खांदा त्याला पुढची चाळीस वर्षे वापरायचा आहे.

आजच वही घ्या, मधोमध रेघ मारा आणि दोन्ही बाजू लिहा. ज्या बाजूला तूट दिसेल, तिथून उद्याचा व्यायाम सुरू करा.