तळेगावचा समुद्र

८ जूनला जागतिक महासागर दिन येतो आणि त्याच सुमारास आपल्याकडे मृग लागतो. तळेगाव ढमढेरेत बाजरीचे बियाणे घेऊन बसलेला शेतकरी सह्याद्रीकडे डोळे लावतो. समुद्र त्याच्या हिशेबात नसतो. असायला हवा.

पाऊस अरबी समुद्रावरून येतो हे शाळेतच कळते. पण तो समुद्र आधी तापतो कसा? सूर्यामुळे, हे झाले अर्धे उत्तर. उरलेले अर्धे बंगालच्या उपसागरात आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी, कृष्णा यांचे गोडे पाणी तिथे पडते. हिवाळ्यात ते पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला उतरते आणि श्रीलंकेला वळसा घालून लक्षद्वीपकडे पोचते. कमी खारट म्हणून हलके. खालच्या जड पाण्यात सहजी मिसळत नाही. मग मार्च-एप्रिलचे ऊन वरच्या पातळ थरातच कोंडते आणि मान्सूनच्या तोंडावर तिथला समुद्र भोवतालपेक्षा अधिक गरम असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी १९९९ मध्ये ही साखळी मांडली.

पुढे नैर्ऋत्य वारा सुटला की खेळच उलटतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पाणी उजवीकडे वळते. वरच्या थराचा एकूण ओघ तर वाऱ्याशी काटकोनात जातो. स्वीडनच्या एकमनने १९०५ मध्ये याचे गणित मांडले. म्हणूनच सोमालियाचे पाणी किनारा सोडून आत सरकते, खालचे गार पाणी वर येते आणि पावसाळ्यात अरबी समुद्र निवतो. सोमालियाजवळचा प्रवाह नैर्ऋत्य मान्सूनमध्ये सेकंदाला दोन मीटरहूनही अधिक वेगाने उत्तरेला धावतो, हिवाळ्यात दिशाच बदलतो. एवढा मोठा प्रवाह ऋतूबरोबर उलटा फिरावा, हे नवल हिंदी महासागराचेच.

वेळ नदी तळेगावापाशी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणजे गोड्या पाण्याच्या त्या साखळीत आपलेही पाणी आहे. फार नाही, कारण वेळ उन्हाळ्यात आटते आणि भीमेला उजनी धरण अडवते. गोड्या पाण्याचा मोठा भार गंगा-ब्रह्मपुत्रेचाच.

मान्सून केरळात पोचल्याची बातमी आपण ठळक छापतो. पेरणीच्या दिवसांत तिच्याशेजारी अरबी समुद्राचे तापमानही छापावे. ते मोजले जाते, जागाही फार लागणार नाही.