गोदातीरावरून : नावेतून उतरणारा माणूस

रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे माजघरात सर्वांनी घटकाभर एकत्र बसावयाचे, अशी आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे. गेल्या महिन्यात या बैठकीस एकाएकी न्यायसभेचे रूप आले. माझ्या थोरल्या बंधूंची नात यंदा वैद्यकीची शेवटची परीक्षा उतरली. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांनी एक वर्ष ग्रामीण भागात सेवा करावी असा करार असतो. त्यानुसार तिची नेमणूक किनवट तालुक्यातील एका आरोग्यकेंद्रावर झाली.

नांदेडहून किनवट काही सातासमुद्रांपलीकडे नाही. परंतु पैनगंगेच्या अंगाचा तो मुलूख डोंगरझाडीचा. गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्या आणि बंजाऱ्यांचे तांडे दूरदूर विखुरलेले. आणि श्रावण-भाद्रपदात ओढे भरून वाहू लागले, की एखादी वस्ती दोन-दोन दिवस बेटासारखी तुटून राहावयाची. पुतण्याचे म्हणणे पडले, की कराराच्या दंडाची रक्कम भरावी आणि मोकळे व्हावे. रक्कम मोठी असली तरी पोरीपेक्षा मोठी नाही. वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि मजकडे वळून म्हणाल्या, “भावजी, तुम्हीच सांगा. जेथे आपली भाषा कोणाला धड कळत नाही, तेथे पोर राहील कशी? आणि राहून तरी तिच्या हातून काय होणार?”

मुलगी मात्र खाली मान घालून गप्प बसली होती. तिला जावयाचे आहे की नाही, हे कोणी विचारलेच नव्हते. मी म्हणालो, “वहिनी, निकाल देणे माझ्याकडे नको. पण हाच प्रश्न ज्यांना आपल्यापूर्वी पडला, त्यांची हकीकत दोन-तीन रात्री सांगतो. मग काय ते ठरवा.” त्या रात्री जे सांगितले, तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

गोष्ट मुंबईपासून सुरू होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात १८१० साली ‘अमेरिकन बोर्ड’ नावाची मिशनरी संस्था निघाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे तरुण फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबई बंदरात उतरले. कंपनी सरकारला ही मंडळी नको होती. त्यांस परत धाडण्याचे हुकूमही सुटले. तरी ते चिकटून राहिले, मराठी शिकले, आणि १८२४ साली याच मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. पुढे अहमदनगर हे त्यांचे मोठे ठाणे झाले व तेथून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाला. हॉल १८२६ च्या मार्च महिन्यात नाशिकच्या बाजूस फिरतीवर गेला असता तेथे पटकीची साथ होती. जवळची औषधे लोकांस वाटून तो माघारी निघाला आणि वाटेत त्याच रोगाने वारला. त्यांच्या धर्मप्रचाराविषयी आपल्या घराघरांतून जे वाद झाले, ते येथे उकरून काढावयाचे नाहीत. मला पाहावयाचे आहे ते एवढेच, की दूरच्या माणसांत जाऊन राहणे म्हणजे काय.

ज्या संस्थेने ही माणसे आपल्याकडे पाठविली, तिनेच ऑक्टोबर १८१९ मध्ये ‘थॅडियस’ नावाचे शिडाचे जहाज पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांकडे हाकारले. दक्षिण अमेरिकेच्या टोकास वळसा घालून ते पाच महिन्यांहून अधिक काळाने, १८२० च्या एप्रिलात, तेथे पोहोचले. या लोकांना शिकवावयाचे, त्यांच्या वेड्या समजुती दूर करावयाच्या, अशी प्रवाशांची तयारी. परंतु किनाऱ्यावर पाहतात तो निराळाच प्रकार! त्या बेटांवर पिढ्यान्पिढ्या एक कडक सोवळे होते. बायकांनी पुरुषांच्या पंक्तीस बसावयाचे नाही. केळे, नारळ, डुकराचे मांस त्यांनी खावयाचे नाही. मोडील त्यास देहान्ताची शिक्षा. जहाज वाटेत असतानाच, १८१९ च्या अखेरीस, राजघराण्यातील दोन वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण राजाचे मन वळविले. राजा उठून बायकांच्या पंक्तीस जाऊन जेवला आणि सोवळे मोडले. हे ऐकून वहिनींना रडता रडता हसू आले. “म्हणजे शिकवायला गेले त्यांच्याआधी घरच्या बायकाच पुढे झाल्या म्हणावयाच्या!” असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, “तेच तर! उतरणाऱ्याने ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी, की समोरचे लोक म्हणजे कोरी पाटी नव्हे.”

दुसऱ्या रात्री मुलांनी ‘मॉर्निंग स्टार’ जहाजाची गोष्ट आवडीने ऐकली. हवाईच्या पलीकडे हजारो मैल पसरलेल्या लहान-लहान बेटांकडे जाण्यास संस्थेपाशी स्वतःचे जहाज नव्हते. तेव्हा १८५६ साली अमेरिकेतील शाळकरी पोरांनी दहा-दहा सेंटांचा वाटा उचलून ते बांधविले. त्या जहाजातून हायरम बिंगहॅम नावाचा तरुण, सपत्नीक, १८५७ साली गिल्बर्ट बेटांपैकी अबाइयांग येथे उतरला. हीच बेटे आज किरिबास या देशात आहेत. अशा बेटांपैकी कित्येक समुद्रापासून चार हातही उंच नाहीत. नारळ आणि मासळी यांवाचून तेथे फारसे काही मिळत नाही. आणि जहाज यावयाचे ते वर्षाकाठी एखादे. त्या लोकांच्या भाषेस लिपी नव्हती. बिंगहॅमने एकेक शब्द गोळा करून ती लिहिली, आणि संपूर्ण बायबल त्या भाषेत उतरविण्याचे काम त्याने १८९० साली पुरे केले. मध्यंतरी प्रकृती ढासळून त्याला बेट सोडून हवाईत राहावे लागले. परंतु भाषा त्याने सोडली नाही. तेहतीस वर्षांचे हे काम! जहाज एका दिवसात उभे करून देते. माणसास पोहोचावयास एवढा काळ लागतो.

येथे पुतण्याने योग्य आक्षेप घेतला. “काका, या नावांनी त्या लोकांचे भलेच केले काय? रोगराई कोणी नेली?” आक्षेप खरा होता, त्यास बगल देणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. १८७५ साली सिडनीहून आलेल्या एका ब्रिटिश लढाऊ जहाजाबरोबर फिजी बेटांत गोवर उतरला. तो रोग तेथे पूर्वी कधी झालेला नव्हता. सुमारे ४०,००० माणसे गेली. १९१८ च्या नोव्हेंबरात ऑकलंडहून आलेल्या ‘तालुने’ नावाच्या आगबोटीने सामोआत इन्फ्लुएन्झा नेला. आपल्याकडे ज्या साथीस म्हातारीकोतारी माणसे ‘मानमोडी’ म्हणत, तीच ही. पश्चिम सामोआतील सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून अधिक लोक, त्यात दगावले. शेजारच्या अमेरिकन सामोआत अधिकाऱ्याने बोटींस बंदी केली आणि तेथे एकही मृत्यू झाला नाही. ही जहाजे मिशनची नव्हती. पण गोवर काही जहाजाचे नाव विचारून चढत नाही. तेव्हा दूरच्या दारी जाणाऱ्याने आपण काय घेऊन जात आहो, याचा हिशेब आधी घ्यावा.

आणि रोगाहूनही वाईट ते कपट. मेलानेशियाच्या बेटांत जॉन पॅटिसन नावाचा इंग्रज बिशप ‘सदर्न क्रॉस’ या जहाजातून फिरत असे. वीसहून अधिक बेटभाषा तो बोलू शके. लोक भिऊ नयेत म्हणून नाव प्रवाळाच्या खडकांबाहेर थांबवावी आणि आपण एकट्याने पाण्यातून चालत वा पोहत किनाऱ्यास जावे, ही त्याची पद्धत. त्याच काळी क्वीन्सलंड आणि फिजीच्या मळ्यांसाठी मजूर पळवून नेणारी जहाजे त्या समुद्रात हिंडत होती. काही लबाड तर मिशनचेच सोंग घेऊन बेटकऱ्यांस जहाजावर बोलावीत. २० सप्टेंबर १८७१ रोजी पॅटिसन नुकापू बेटावर एकटा उतरला आणि मारला गेला. त्याचे प्रेत एका होडीत घालून समुद्रात सोडलेले सापडले. अंगावर माडाची झावळी होती. तिला पाच गाठी मारलेल्या. त्या बेटावरून पूर्वी पाच माणसे पळविली गेली होती. पुढल्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटला या माणूसचोरीविरुद्ध कायदा करावा लागला.

त्या रात्री माजघरात बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मुलगीच हळूच म्हणाली, “आजोबा, त्यांनी मारले ते त्याला नव्हे, त्याच्याआधी आलेल्यांना.” मला तिचे कौतुक वाटले. सरकारी वर्दीचा, शहरी पोषाखाचा जो माणूस रानातल्या वस्तीत जातो, त्याच्या पाठीशी त्याच्याआधी गेलेल्या सर्वांचा हिशेब उभा असतो. सावकार गेलेला असतो. जंगलचा शिपाई गेलेला असतो. फोटो काढून परत न आलेले पाहुणेही गेलेले असतात. वस्ती दार उघडीत नाही, तेव्हा तिला अडाणी म्हणण्यापूर्वी झावळीच्या गाठी मोजाव्यात.

पुढे शिडांची जागा पंख्यांनी घेतली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या काही वैमानिकांनी १९४५ साली मिशनकार्यासाठी विमानसंघ काढला, आणि न्यू गिनीच्या डोंगरांत गावकऱ्यांनी हातांनी सपाट केलेल्या पट्ट्यांवर लहान विमाने उतरू लागली. मायक्रोनेशियातील याप बेटाच्या आसपास शेकडो मैलांवर विखुरलेल्या बेटांसाठी १९७० नंतरच्या दशकात अशीच एक विमानसेवा निघाली. उलिथी आणि वोलेआइ येथे युद्धात सैन्यांनी केलेल्या धावपट्ट्या होत्या. जेथून बॉम्बफेकी विमाने उडत, तेथून अडलेली बाळंतीण इस्पितळाकडे जाऊ लागली! पण येथेही उतरण्याचा प्रश्न सुटत नाही. विमान दोन तासांत येते आणि अर्ध्या तासात जाते. मागे राहते ती तेथील सुईण, तेथील दवाखान्याचा मदतनीस, संदेशयंत्रापाशी बसणारा पोरगा. त्यांच्याशी ज्याचा जीव जडला नाही, त्याचे विमान नुसते आकाशातून गेल्यासारखेच.

वाचक म्हणतील, ही परक्यांची पुराणे झाली, आमच्याकडचे काय? तर किल्लारीचे पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरतासरता, लातूर-उस्मानाबादकडची गावे भूकंपात जमीनदोस्त झाली. नांदेडहून गेलेल्या एका तुकडीबरोबर मीही होतो. मालमोटारींतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडलेले मी पाहिले. आणि एका पडक्या भिंतीशी तीन दिवस नुसती बसून राहिलेली एक परिचारिकाही पाहिली. तिच्यापाशी वाटावयास काही उरले नव्हते. पण गावातली बायामाणसे तिच्याचकडे येऊन रडत.

आणि नावेचीच गोष्ट हवी, तर तीही महाराष्ट्रात आहे. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या फुगवट्याने नंदुरबार जिल्ह्यातील कित्येक आदिवासी पाड्यांना खरोखरच पाण्याने वेढले. २०२० च्या साथीत माता आणि बालके अंगणवाडीपर्यंत येईनाशी झाली. तेव्हा रेलू वसावे या अंगणवाडीसेविकेने मासेमाऱ्याची लहान होडी मागून घेतली आणि सुमारे १८ किलोमीटरांची फेरी स्वतः वल्हवीत अलिघाट आणि दादर या वस्त्यांपर्यंत ती जाऊ लागली. बालकांची वजने घ्यावी, गरोदर बायांस आहार पोहोचवावा, आणि पुन्हा परत वल्हवीत यावे. तिला भाषा शिकावी लागली नाही, कारण ती त्यांच्यातलीच होती. आपल्यासारख्यांना ते भाग्य नाही. म्हणून आपल्याला भाषा शिकावी लागते, एवढाच फरक.

शिकता येते, हे नांदेडकरांनी तरी विसरू नये. आपल्या शेजारच्या नरसी गावचे म्हणून परंपरा ज्यांस मानते, ते नामदेवमहाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले. तिकडील लोकांच्या बोलीत ते गाऊ लागले. आणि त्यांची ६१ पदे ग्रंथसाहेबात विराजमान झाली. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली याच गोदातीरावर त्या ग्रंथास गुरुपद दिले. नरसीचा माणूस परक्या भाषेत बोलला म्हणूनच त्याचे शब्द फिरून नांदेडास आले.

तिसऱ्या रात्री मी कथा संपविली आणि मुलीला म्हणालो, “आता तुझे तू सांग.” ती म्हणाली, “मला भीती वाटते, आजोबा. पण दंड भरला तर ती भीती जन्मभर घरात राहील.” तिच्या बापाने आणखी काही हिशेब मांडून पाहिला, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. रात्र सरली तरी त्याने होकार दिला नाही. सकाळी मात्र तिच्यासाठी चांगला विजेरीचा दिवा आणावयास तो स्वतःच बाजारात गेला.

ती गेली त्यास आता तीन आठवडे झाले. पहिल्या पत्रात तक्रारीच अधिक होत्या : पाणी, डास, आणि दवाखान्यात कोणी येत नाही ही. दुसऱ्या पत्रात एका कोलाम म्हातारीचा उल्लेख आहे. ती रोज येऊन ओट्यावर बसते, औषध घेत नाही, नुसती पाहते आणि जाते. वहिनींनी ते पत्र दोनदा वाचवून घेतले. मग मेतकुटाचा डबा बांधता बांधता मला म्हणाल्या, “भावजी, पत्रात माझे एवढे लिहा. म्हणावे, त्या म्हातारीचे नाव काय, ते विचार. आणि त्यांच्या भाषेत ‘बसा’ कसे म्हणतात, तेही कळव.”