विमानाचे तास नकोत, घर ते घर तास छापा

मुंबई ते मेलबर्न अंतर सुमारे ९,८०० किलोमीटर, थेट विमानाला बारा-साडेबारा तास, अशी माहिती सुट्ट्यांच्या हंगामात प्रवास-पुरवण्यांत हमखास छापून येते. आकडे बरोबरच आहेत. पण तेवढ्याच भरवशावर मुलं सत्तरीतल्या आई-वडिलांची तिकिटं काढतात आणि पुढची सगळी दगदग त्या दोघांच्या वाट्याला येते.

इथे मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात गावाकडून कोणी यायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, ‘किती तासांचं विमान?’ खरं तर घर ते घर हिशेब मांडायला हवा. सातारा ते मुंबई विमानतळ अंदाजे अडीचशे किलोमीटर. घाट आणि पनवेलची कोंडी धरून सहा तास. विमानतळावर तीन तास आधी हजर. बारा तास हवेत. मेलबर्नच्या टुलामरीन विमानतळावर उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स. गोडा मसाला, लोणचं, मेतकूट, बॅगेत खाण्याचं जे असेल ते आगमनाच्या वेळी भरायच्या कार्डावर जाहीर करावंच लागतं. लपवलं तर जबर दंड. या तपासणीत तास-दीड तास सहज जातो. त्यात विमानतळ शहराच्या वायव्येला आणि आम्ही आग्नेयेला, मध्ये पन्नासहून जास्त किलोमीटर. १९७० साली सुरू झालेल्या या विमानतळापर्यंत रेल्वे अजून पोचलेली नाही; आधी शहर गाठा, मग ट्रेन, नाहीतर कोणीतरी गाडी घेऊन जायचं. बारा तासांचं विमान, पण प्रवास चोवीस तासांचा, तोही थेट विमान मिळालं तर.

एअर इंडियाने डिसेंबर २०२३मध्ये मुंबई-मेलबर्न थेट सेवा सुरू केली, ती तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस होती. आमच्या ओळखीतले बहुतेकजण सिंगापूर नाहीतर क्वालालंपूरमार्गेच येत आले आहेत. सिंगापूरमार्गे अंतर वाढतं ते जेमतेम मुंबई-पुण्याएवढं, आणि दोन्ही विमानांतले तास मिळून तेराच्या आसपास. बाकी सगळं ठरतं मधल्या थांब्यावर. तिकिटाच्या साइटवर कमीत कमी वेळाचा पर्याय सगळ्यात वर दिसतो, म्हणजे तास-सव्वा तासाचा थांबा. पहिलं विमान थोडं जरी लेट झालं, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाने परक्या विमानतळावर धावायचं का? स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली आणि पुढचं विमान चुकलं, तर त्याची जबाबदारी कुठलीच कंपनी घेत नाही.

घड्याळाचंही तेच. मेलबर्न भारताच्या साडेचार तास पुढे, ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच. दुपारी दोनला निघालेलं थेट विमान इथल्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला उतरतं, तेव्हा भारतात रात्रीचे दोनच वाजलेले असतात. इन्सुलिन घेणाऱ्याने डोस कधी घ्यायचा, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारायला हवं.

म्हणून संपादकांना विनंती अशी, की यापुढे अशी माहिती छापताना थांब्याचे तास, घड्याळातला फरक आणि विमानतळापासून घरापर्यंतचा वेळही द्यावा. आणि मुलांना सांगणं, की आई-वडील एकटे येणार असतील तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, मधला थांबा किमान तीन तासांचा ठेवा आणि व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागून ठेवा.

— एक वाचक, डँडेनॉन्ग (ऑस्ट्रेलिया)