पगार मोठा, जकात शून्य

गेल्या रमजानमध्ये आमचा मावसभाऊ सुट्टीवर गावी आला होता. जकातीचा हिशेब करायला त्याने आम्हाला बोलावलं. दुबईत नोकरी, पगार १८ हजार दिरहम, म्हणजे आपले चार लाखांहून जास्त. हिशेबाला अर्धी रात्र जाईल असं आम्हाला वाटलं होतं. तरावीहनंतरचा चहा संपायच्या आत तो आटोपला. जकात काहीच निघाली नाही.

गाडी आणि खेडजवळचा बंगला वापरातले, त्यांवर जकात नाही. भाभींचे नेहमीच्या वापरातले दागिने शाफई मसलकात धरत नाहीत, आणि कोकणातली आपली बहुतेक घरं शाफईच. (हनफी घरांत दागिन्यांचीही जकात काढावी लागते.) उरली बँकेतली रक्कम. ती निसाबाइतकी होऊन चांद्र वर्षभर टिकायला हवी. इथे १ तारखेला पगार येतो आणि २५ तारखेला खातं रिकामं.

"म्हणजे आता आपण जकात घेणाऱ्यांत बसलो की काय?" भाभी हसून म्हणाल्या. भाऊ काही हसला नाही.

त्याच मोहल्ल्यात एक शिंपीचाचा आहेत. हजसाठी त्यांनी तीन लाख साठवलेत. त्यावर अडीच टक्के, साडेसात हजार जकात त्यांनी रमजानच्या पहिल्याच आठवड्यात दिली. भावाची हजची नियत १० वर्षांपासून आहे.

पैसा गेला कुठे? जुगार नाही, व्यसन नाही. शारजातल्या फ्लॅटचं भाडं, मुलांची फी, गाडीचा हप्ता. मग वर्षातले ११ महिने कुलूप असणारा बंगला. मुलीचा निकाह: दोन हॉल, तीन जेवणं, हळदीला वेगळा मंडप. सुट्टीवर येताना प्रत्येक घरासाठी अत्तर, चॉकलेट, कुणाला मोबाईल. हे नाही आणलं तर लोक काय म्हणतील? आणि बोलणाऱ्यांत आपणही असतो, हे आम्ही कबूल करतो. 'दुबईवाला' म्हणून त्याच्याकडे बोट आपणच दाखवतो.

निकाहाचा निम्मा खर्च क्रेडिट कार्डावर झाला. थकलेल्या रकमेवर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. सूद नको म्हणून फिक्स डिपॉझिट न ठेवणारा आमचा भाऊ दर महिन्याला सूद भरतो आहे!

"ग्रॅच्युइटी मिळेल ना," तो म्हणाला. मग तोही हिशेब मांडला. अमिरातीच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो. त्याची १६ वर्षं झाली, म्हणजे साडेचौदा महिन्यांचा मूळ पगार. मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा. आजच्या खर्चाने ही रक्कम साडेसात महिनेही पुरत नाही. परदेशी कामगाराला तिथे सरकारी पेन्शन नाही, आणि नोकरी गेली की व्हिसाही जातो.

तो म्हणाला, "सगळं घरच्यांसाठीच तर केलं." तेव्हा आम्हाला हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आठवले. आजारपणात त्यांना जवळपास सगळी संपत्ती दान करायची होती. प्रेषितांनी (स.) एक तृतीयांशावर थांबवलं, तेही पुष्कळ आहे असं सांगितलं, कारण मागे राहिलेल्यांवर लोकांपुढे हात पसरायची वेळ येऊ नये. दानालाही जिथे हद्द घातली, तिथे हळदीच्या मंडपाचं काय?

त्या रात्री दोघांनी इतकंच ठरवलं: पगार आला की त्याच दिवशी ३ हजार दिरहम वेगळ्या खात्यात टाकायचे. त्या खात्याचं कार्ड भाभींकडे. बंगल्याचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आणि त्या पैशातून क्रेडिट कार्ड फेडून बंद करायचं. भाड्याचं ऐकून खालाजान दोन दिवस बोलल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात भाभींचा फोन आला. खात्यात निसाब भरला होता. त्या दिवसाची हिजरी तारीख त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. पुढच्या वर्षी त्याच तारखेला हिशेब करायचा आहे.